मिरचीआधीची उकडहंडी

बोईसर स्टेशनाबाहेर पश्चिमेला रिक्षा उभ्या असतात. चिंचणीची धरा. जानेवारी चालू आहे, सूर्य नुकताच समुद्रात उतरलाय. वाटेत एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांचा रसायनांचा वास मागे पडतो, पाळी संपवून परतणारे कामगार मागे पडतात, आणि हवा बदलते. ओली माती, केळीची सोपटं, मधूनच खारा वारा. तुम्ही एका वाडीत शिरता.

वाडीच्या टोकाला, विहिरीपासून जरा लांब, एक मडकं जमिनीवर उपडं घातलेलं आहे. भोवती पेंढा, वाळका पातेरा, नारळाची सोडणं, गोवऱ्या. जाळ ओसरून आता धग उरली आहे. तुम्ही वाकून बघायला जाता तर घरच्या काकी हात आडवा धरतात. "थांबा जरा. वाफ कोंडली तरच कोनफळ शिजतं." मग पाट येतात, केळीची पानं येतात, आणि दोन काठ्यांनी धरून मडकं सुलटं केलं जातं. तोंडाशी गच्च कोंबलेला पाला काढला की पहिल्यांदा ओव्याचा वास येतो, त्यामागून लसणाच्या पातीचा.

पहिला घास कोनफळाचा घ्या. जांभळं, पिठूळ, किंचित गोड. मग रताळं, मग मसाला भरलेलं छोटं वांगं, मग बटाटा. कच्च्या केळ्याला साल असते, ती काढत काढत खायची. वालाच्या आणि तुरीच्या शेंगा दातांत धरून ओढायच्या. मसाला हिरवा आहे: खोवलेला नारळ, कोथिंबीर, आलं, लसणाची पात, ओवा आणि सढळ हाताने हिरव्या मिरच्या. मडक्यात पाणी घातलेलंच नव्हतं. भाज्यांनी आपापल्या अंगचं पाणी सोडलं आणि त्याच वाफेवर त्या शिजल्या.

ही उकडहंडी. वसईपासून केळवे-माहीम, चिंचणीपर्यंत पसरलेल्या वाडवळांच्या घरची. रायगडची पोपटी आता मुंबईकरांना ठाऊक झाली. वलसाड-नवसारीकडे हिवाळ्यात महामार्गालगत उंबाडियूची मडकी मांडून ठेवलेली दिसतात. त्या दोघींची ही सख्खी बहीण मात्र अजून घरापुरतीच राहिली आहे. पालघरला येणारे लोक पापलेट खातात, केळव्याचा किनारा बघतात, घोलवडचे चिकू घेऊन परत जातात. हंडीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही.

आज रात्री तुम्हाला हीच हंडी पुन्हा पुन्हा उघडायची आहे, दर वेळी थोडं मागे जाऊन. त्या त्या काळात जो जिन्नस या किनाऱ्यावर नव्हता, तो हंडीतून निघून जाईल. शेवटी काय उरतं ते बघायचं आहे.

हात धुवा. चला.

पहिला मुक्काम हंडीचा नाही, वलांडीचा आहे. ऑक्टोबर १९६९. तारापूरजवळच्या वाळूत तुम्ही उभे आहात आणि डोक्याच्या वर, बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर, म्हणजे वलांडीवर, बोंबील वाळताहेत. मीठ लावलेलं नाही. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी केली की ती दोरीवर आपोआप तोलून राहते. मच्छीमार मांगेल्यांच्या बायका हे काम बोलता बोलता करतात, नजर न टाकता. वारा सुटला की ती सगळी ओळ एकदम हलते. त्या ओळीपलीकडे काँक्रीटचा एक अजस्र ठोकळा दिसतो. २८ ऑक्टोबरला त्यातून व्यापारी तत्त्वावर वीज सुरू होते. देशातलं हे पहिलं अणुविद्युत केंद्र.

एका घरात तुम्हाला बसवून घेतात. सुका बोंबील निखाऱ्यावर धरला जातो, काटा कुरकुरीत होईपर्यंतच. मग पाट्यावर लसूण, सुकी मिरची, मीठ, चिंचेचा बोळा आणि तो भाजलेला बोंबील असं भरड वाटण. सोबत तांदळाची गरम भाकरी. पहिला तुकडा मोडल्यावर तुमच्या लक्षात येतं की मुंबईच्या बाजारातून आणलेल्या बोंबलाला हा वास कधी आला नव्हता. इथे तो वाळल्यापासून ताटात यायला शंभर पावलंही लागलेली नाहीत.

पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं इथून उठली. घरं दुसरीकडे बांधून देता येतात. वलांडी मात्र कुठेही उभी राहत नाही. तिला मोकळी वाळू लागते, समुद्राचा वारा लागतो आणि होडी लागते तिथून हाकेचं अंतर लागतं. किनाऱ्यावरच्या पदार्थांची यादी करणाऱ्यांनी पाककृतीच्या आधी ही जागा लिहून ठेवावी, असं मला कळकळीने वाटतं. जागा गेली तर कागदावरची चटणी कुणाच्या उपयोगाची?

आता समुद्राकडे पाठ करा. मे १९४५. तलासरीजवळचं झरी गाव. उन्हाने माळ पांढरा पडलाय आणि हजारो वारली इथे जमले आहेत. सावकार-जमीनदारांची वेठबिगार यापुढे करायची नाही, असं इथे ठरतं. तुम्ही सभेच्या कडेला बसला आहात. दुपार होते तेव्हा शेजारची बाई फडक्याची गाठ सोडते आणि पानावर चार पिवळट काप ठेवून तुमच्यापुढे सरकवते. कडूकंद.

तो खाण्याआधी तो कसा तयार झाला ते ऐका. हा कंद रानात खणून काढला तेव्हा विषारी होता. नुसता उकडून खाल्ला असता तर घशाची आग आणि ओकाऱ्या. त्याची साल काढली, पातळ काप केले, राखेच्या पाण्यात उकळले, मग टोपलीत भरून टोपली वाहत्या ओढ्यात रात्रभर ठेवली. सकाळी एक काप जिभेच्या टोकाला लावून बघितला. कडवटपणा उरला असेल तर परत ओढ्यात. हे सगळं झाल्यावर मीठ घालून पुन्हा उकडला. आता तो तुमच्या हातात आहे: मऊ, फिका, पोट भरणारा. ज्यांच्या घरातलं भात सावकाराच्या कोठारात गेलं, त्यांनी या कंदावर पावसाळे काढले.

म्हणून कडूकंदाला "वेगळी चव" म्हणून मिरवायला माझं मन घेत नाही. बोईसर-पालघरच्या बाजारात पाऊस पडला की वारली बायका शेवळं आणतात, कर्टोली आणतात, पुढे करांदे आणतात. ते जरूर घ्या, घासाघीस न करता घ्या. शेवळं घेतलीत तर त्यांच्याबरोबरचे काकडंही मागून घ्या, नाहीतर घसा खाजेल. कडूकंद मात्र ज्यांना येतो त्यांच्याच हातचा खायचा. घरी प्रयोग करायचा नाही.

जिन्नसामागची रीत किती मोलाची असते हे कळायला इथे उत्तर इटलीची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं मुटकं. मका अमेरिकेतून १६व्या शतकात युरोपात आला. त्याआधी पोलेंता बाजरीसारख्या बारीक धान्यांची किंवा चेस्टनटच्या पिठाची होत असे. मका भरघोस पिकला आणि व्हेनेतो, लोंबार्दीतले गरीब शेतकरी वर्षभर पोलेंतावर जगू लागले. मग त्यांची कातडी उन्हात फाटू लागली, जुलाब लागले, माणसं भ्रमिष्ट झाली. १७७१ मध्ये मिलानच्या फ्रांचेस्को फ्रापोल्लीने या रोगाला पेलाग्रा असं नाव दिलं. मेक्सिकोतले लोक तोच मका हजारो वर्षं खात होते, पण ते तो चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच दळत. त्यामुळे त्यातलं नायसिन अंगी लागे. जहाजांनी मक्याचं बी नेलं आणि चुना मागेच राहिला.

झरीच्या त्या बाईच्या फडक्यात कंद आहे, आणि राख आणि ओढाही आहे. पदार्थ म्हणतात तो हा. जिन्नस त्यातला निम्मा.

पुढचा मुक्काम घाईचा. १८६४. सुरतेकडून मुंबईला जाणारी रेल्वे नुकतीच सुरू झाली आहे आणि रूळ या भातखाचरांमधून गेले आहेत. हंडी उघडा. बटाट्याचे तुकडे मोजकेच दिसतात. पोर्तुगीजांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला असला तरी गावातल्या रोजच्या जेवणात तो रुळला तो इंग्रजी अमलातच, आणि इथे तो अजून नवाच पाहुणा आहे. आणखी मागे सरका, तो निघून जाईल.

जानेवारी १७३९. थंडी तीच, वाडी तीच, पण आज हंडी लावण्यासारखा दिवस नाही. तारापूरच्या किल्ल्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने वेढा घातलाय. तटाखाली सुरुंग खणले जाताहेत. तुम्ही माडांच्या आडोशाला बसला आहात आणि जमीन थरथरते, मग आवाज येतो. या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडतात, किल्ला मराठ्यांकडे येतो, आणि मे महिन्यात वसईही पडते. त्या धामधुमीत कुणाच्या घरात काय शिजलं हे कुठल्या बखरीने लिहून ठेवलेलं नाही. पण वाडीतल्या आळ्यात बघा. मिरची लागलेली आहे. रताळ्याचे वेल जमिनीवर पसरलेत. पपईचं झाड आहे, पेरू आहे. दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलाने लोकांकडून पुष्कळ काही हिसकावलं आणि हे मागे सोडलं. किल्ला परत घेता आला. मिरची परत करायची कुणाला सुचलं नाही.

त्याच काळात वसईकडच्या ख्रिस्ती घरांत ताडी घालून पीठ आंबवतात आणि तेलात फुगे तळतात. पोकळ, हलके, आतून जाळीदार. विकतचं यीस्ट नव्हतं, ताड होते. आजही नाताळात वसईत फुगे होतात, आणि ते तिखट इंद्यालाच्या रश्शात बुडवून खाल्ल्याशिवाय वसई पाहिली असं म्हणू नये.

आणखी ४४ वर्षं मागे. १६९५ चा हिवाळा. तारापूरच्या तटावरून समुद्राकडे बघा. दमणहून वसईकडे जाणाऱ्या होड्या किनारा धरून चालल्या आहेत. यातल्याच एखाद्या होडीत एक इटालियन वकील बसलेला असणार. जोव्हान्नी फ्रांचेस्को जेमेल्ली कारेरी. इटलीच्या दक्षिण टोकाच्या कलाब्रियातला. कुठल्या राजाने पाठवलेला नाही, धर्मप्रसाराला आलेला नाही. १६९३ मध्ये घरातून निघाला आणि पैसे मोजून मिळेल त्या जहाजात बसत पृथ्वीला फेरी घालतोय. परतल्यावर नेपल्समध्ये तो 'जिरो देल मोंदो' या नावाने सहा खंड छापेल आणि वसई, कान्हेरीची लेणी हे सगळं त्यात येईल.

समजा त्याची होडी भरतीची वाट बघत थांबली आणि तुम्ही त्याला वाडीत घेऊन आलात. पानावर आगाशीची सुकेळी ठेवा. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती मधासारखी गडद आणि चिवट होतात. कारेरी ती ओळखीने चघळेल. त्याच्याकडे अंजिरं अशीच वाळवतात. चिरलेली अंजिरं एकावर एक आडवी-उभी ठेवून मध्ये अक्रोड भरतात आणि भट्टीत भाजतात. तिथे त्यांना क्रोचेत्ते म्हणतात. इटली म्हटल्यावर पिझ्झा मागवणाऱ्या आपल्या पोरांना हा पदार्थ ठाऊक नाही, तसं सुकेळी बोईसरच्या पोरांनाही ठाऊक नाही.

त्याला तुमच्याकडचं वालाचं बिरडंही वाढा. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून. तो विचारील, एवढी सोलासोल कशासाठी, आणि स्वतःच थांबेल. कारण कलाब्रियात आणि शेजारच्या सिसिलीत माक्को असतो. सोललेल्या सुक्या बाकल्याच्या डाळी मंद आचेवर तासन्‌तास शिजवून घोटतात, वर रानबडीशेपेचा पाला आणि ऑलिव्हचं तेल. टोमॅटो नाही, मिरची नाही, चीजही लागत नाही. अमेरिकेचा शोध लागायच्या कितीतरी आधीपासून तिथला शेतकरी तो खात आलाय. इटलीचा एकच अनोळखी पदार्थ करून बघायचा असेल तर माझं मत माक्कोला. सुका बाकला मिळाला नाही तर आपल्या सोललेल्या वालांवर भागवा. चव वेगळी येईल, पण घोटताना हाताला कळेल की हे काम आपल्याही घरचं आहे.

मग हंडीतलं रताळं त्याच्या पानावर पडतं, आणि मिरचीचा ठसका लागतो. हा माणूस इथून गोव्याला जाईल, चीनला जाईल, मनिलाच्या गलबतातून महिनोन्‌महिने प्रशांत महासागर ओलांडून १६९७ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरात उतरेल. म्हणजे तुमच्या वाडीत खाल्लेली मिरची आणि रताळं ज्या मुलखातून निघाली, तिथेच तो जाऊन पोचेल. आणि तो ज्या मातीतला, त्या कलाब्रियाची आजची ओळखही मिरचीच. स्पिलिंगा गावची न्दूया म्हणजे डुकराच्या मांसात मूठमूठ लाल मिरची घालून केलेलं, पावावर फासता येईल इतकं मऊ सॉसेज. लोक तिला पिढीजात म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. चार-पाचशे वर्षं हाताखाली राहिलेला जिन्नस परका कसा राहील? आपल्या ठेच्याला तरी कोण परका म्हणतं?

त्याला निरोप द्या. भरती आलीय.

आता शेवटची उडी. १५३४ चा वसईचा तह ओलांडून मागे, वास्को द गामाच्याही मागे. १४४८, म्हणजे शके १३७०. माहीम, आजचं केळवे-माहीम. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेल्या 'महिकावतीच्या बखरी'तला जुना भाग याच साली केशवाचार्यांनी रचला. बिंब राजाबरोबर कोणकोणती कुळं या किनाऱ्यावर आली याच्या याद्या त्यात आहेत आणि वाडवळ आपलं मूळ त्या कुळांशी जोडतात. तुम्हाला मात्र आज कूळ विचारायचं नाही. ताट वाढून घ्यायचं आहे.

मडकं तसंच उपडं. पेंढा, पातेरा, गोवऱ्या, सगळं तसंच. पाला काढला जातो. वाफ येते, ओव्याचा वास येतो, लसणाचा येतो. बटाटा नाही. रताळं नाही. मिरची नाही. कोनफळ आहे, करांदे आहेत, चिंचेच्या पाण्यातून काढलेला सुरण आहे. कच्ची केळी, वांगी, शेवग्याच्या शेंगा, वाल, तूर, ओलं खोबरं, आलं, जवळच्या मिठागरातलं जाड मीठ. आणि तिखट कशाचं? काळी मिरी आणि पिंपळी.

घास घ्या. मिरचीचा तिखटपणा जिभेच्या टोकाला चावतो. हा तसा चावत नाही. सावकाश चढतो आणि घशात, छातीत ऊब होऊन बसतो. पिंपळीला किंचित गोडसर, लाकडासारखा गंध आहे. कोनफळाचा गोडवा तिने झाकला जात नाही, उलट तो पुढे येतो. रताळं नसल्याची चुटपूट तुम्हाला लागत नाही, कारण करांदा त्याच्या जागी बसलाय, थोडा कडसर, खमंग. हंडीतले तीन जिन्नस गेले तरी ती उकडहंडीच राहिली. उपडं मडकं, कोंडलेली वाफ, पाण्याचा थेंबही न घालण्याचा हट्ट, एवढं जागेवर होतं म्हणून.

ही चव घरी करून बघता येते. कोनफळ आणि करांदे डिसेंबर-जानेवारीत पालघर, सफाळे, विरारच्या बाजारात मिळतात. दीड किलो भाज्या धरा, त्यात निम्मं कोनफळ. सुरण घेतलात तर हाताला तेल लावून कापा आणि अर्धा तास चिंचेच्या कोळात ठेवा. एका मोठ्या नारळाचा चव, बोटभर आलं, दोन जुड्या लसणाची पात, दोन चमचे ओवा, दोन चमचे जाडसर कुटलेली मिरी, अर्धा चमचा पिंपळीपूड, मीठ. कोथिंबीर हवी तेवढी. हे पाणी न घालता वाटा. वांग्याला आणि केळ्याला चिरा देऊन मसाला भरा, बाकीचा सगळ्यावर चोळा. कंद तळाला, शेंगा वर. अंगण नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात केळीचं पान अंथरा, वरही पान घाला, झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावून वाफ बंद करा. पहिली दहा मिनिटं मध्यम आच, नंतर तासभर अगदी मंद. मधे उघडायचं नाही.

चिंचणी-केळव्याकडे हिवाळ्यात मुक्कामाला गेलात तर जेवण कुणाच्या घरचं येतं ते विचारा, आणि आदल्या दिवशी सांगा की हंडी हवी. मडकं, पेंढा, पाला गोळा करायला वेळ लागतो. उरली तर सकाळी तव्यावर तेलाचा थेंब टाकून कोनफळाच्या फोडी परता. कडा करकरीत झाल्या की चहाबरोबर घ्या.